लालावर निळा, एकच बुडी

त्या आठवड्यात मधलीनं दोन माणसांना दोन थापा मारल्या होत्या. एक घरातल्या दादाला, दुसरी नदीपलीकडच्या धाकट्याला. आणि आता रविवारी दुपारी अख्खं गाव मैदानाभोवती गोळा झालेलं असताना, दोन्ही थापा वाया गेल्या अशी तिची पक्की खात्री झाली होती.

कुंपणाच्या दांडीला धरून ती उभी होती. दांडीवर चहाचा पेला ठेवलेला होता, तो केव्हाच गार झाला होता. त्यात नवल काही नाही. दोन भावांच्या मधल्या बहिणीचा चहा गरम असताना कधी संपत नाही, हे ती लहानपणापासून शिकली होती. पेला तोंडाला लावला की एकीकडून "मधले!" अशी हाक यायची, नाहीतर दुसरीकडून "ताई!" अशी.

बाबा असेपर्यंत निदान दोन्ही हाका एकाच छपराखालून यायच्या. ते गेले, आणि एका सकाळी रंगाच्या भट्टीपाशी, सगळ्या कामगारांदेखत, दादा धाकट्याला म्हणाला, "हात लावू नकोस. बिघडवशील."

झालं. धाकट्यानं ढवळायची काठी खाली ठेवली, हात पुसले आणि पूल ओलांडून बंदराच्या गावी गेला. तिथं त्यानं स्वतःची भट्टी घातली. आणि त्या भट्टीतून पहिला रंग निघाला तो बाबांचा लाल. मुळ्या शिजवून काढलेला, उन्हानं न उडणारा, पाहिल्यावर माणसानं मान वळवून पुन्हा पाहावं असा. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चोर आहे तो," दादा म्हणाला. मधलीनं ते पलीकडे पोचवलं नाही, पण पोचायचं ते पोचलंच. पलीकडून उत्तर आलं, "बापाचा रंग मुलानं घेतला तर त्याला चोरी म्हणतात का, हे आधी आईला विचार."

आईला विचारलं तर आई म्हणाली, "मी नाही बाई मध्ये पडत. ते काम मधलीचं."

एवढ्यावर राहिलं असतं तरी निभलं असतं. पण देशात फुटबॉलची राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि घरातलं भांडण हिरवळीवर आलं. पहिल्या वर्षी लीगमध्ये या गावचे गिरणीवाले होते. त्यांच्या जर्सी दादाच्या कारखान्यातल्या, बाबांच्या लालात बुडवलेल्या. दुसऱ्या वर्षी बंदराच्या गावचे गोदीवाले लीगमध्ये आले, आणि आले तेही लाल लेऊन! सूत वेगळं, शिवण वेगळी, रंग तोच.

पलीकडच्या मैदानावर दोघांची गाठ पडली तेव्हा काय झालं ते या बाजूला कुणी हसल्याशिवाय सांगत नाही. मधलीचा नवरा गिरणीवाल्यांचा गोलकीपर. गिरणीत मागावर बसणारा, पाच वाक्यं बोलायची तर तीन गिळणारा माणूस. त्यानं चेंडू अडवला, मान वर केली, समोर लाल जर्सी दिसली आणि मोठ्या विश्वासानं चेंडू तिच्या पायात दिला. जर्सी गोदीवाल्यांची निघाली. "लाल दिसला म्हणून दिला," एवढंच तो म्हणाला, आणि गावाला एक म्हण मिळाली. दुकानात कुणी चुकून जास्त पैसे परत दिले तरी लोक म्हणायचे, लाल दिसला म्हणून दिले.

मग लीगच्या कमिटीची तार आली. परतीच्या सामन्यात दोन्ही संघांचे रंग वेगळे नसले तर सामना होणार नाही आणि दोघांचेही गुण कापले जातील. गोदीवाल्यांचं त्यात फारसं अडत नव्हतं, ते तक्त्यात वर होते. गिरणीवाले मात्र तळाशी लोंबकळत होते. गुण गेले असते तर ते लीगमधून बाहेर पडले असते. गिरणीतल्या माणसांना आठवडाभर बोलायला दुसरं होतं काय? आणि दादा म्हणजे तर या संघाचा जुना कप्तान. पण त्याहून मोठी भीती मधलीला वेगळीच होती. दादाचा संघ धाकट्याच्या लालामुळे बुडाला, असं एकदा झालं की या दोघांत पुन्हा कधी शब्द होणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून तर तिनं थापा मारल्या.

आधी दादाला गाठलं. तो भट्टीपाशी रंगात बोट बुडवून जिभेला लावत होता.

"दादा, पलीकडे जाऊन आले."

"बरं."

"धाकटा म्हणत होता, दादाला जड जात असेल तर जर्सी आपण बदलू. दादाचा लाल राहू दे."

दादाचं बोट तसंच जिभेवर राहिलं. "असं म्हणाला?"

"अक्षरशः."

दादानं बोट पुसलं. बराच वेळ पुसलं. मग म्हणाला, "बदलू दे की मग. मी काय त्याचे हात धरलेत?"

हा दगड काही पाझरला नाही म्हणून ती पूल ओलांडून धाकट्याकडे गेली. धाकट्यानं बसायला स्टूल दिलं, चहा दिला, बायकोमुलं माहेरी गेलीत म्हणून घरात पसारा आहे हे तीनदा सांगितलं.

"दादा म्हणत होता, धाकट्याला उगाच त्रास नको. आपण मोठे, आपणच बदलू."

धाकटा हसायलाच लागला. "आपला दादा? ताई, दुसरा एखादा दादा केलायस का तू?"

"माझ्या डोळ्यांत बघ."

"तेच बघतोय." मग त्याचं हसू मावळलं. त्यानं खिडकीबाहेर नदीकडे पाहिलं. "बरं, म्हणालाय ना? मग बदलू दे त्याला. मी नाही म्हटलंय का?"

म्हणजे एकानं म्हणायचं तो बदलू दे, दुसऱ्यानं म्हणायचं तो बदलू दे. एका माळेचे मणी! मधली पुलावरून परत येताना स्वतःशीच मोठ्यानं बोलत होती आणि समोरून येणारे लोक बाजूला होत होते. शनिवारी दादानं कामगारांना लवकर सुटी दिली आणि कारखान्याचं दार आतून लावून घेतलं. तिला वाटलं, रुसलाय. जर्सी तो नेहमी स्वतःच मैदानावर नेऊन द्यायचा, आधी कुणाला दाखवायचा नाही. म्हणून तिला काही कळायला मार्ग नव्हता.

आता मैदानापलीकडच्या शेडचं दार उघडलं आणि आधी पाहुणा संघ बाहेर आला.

जांभळा!

मधलीनं डोळे चोळले. अकरा माणसं, अकरा जांभळ्या जर्सी. लालाला निळीच्या पिंपात बुडवलं की होतो तो, बाबांचा भरदार जांभळा. त्यांच्या मागोमाग धाकटा आला, टोपी हातात घेऊन, कुणाच्या नजरेला नजर न देता. "केलं गं माझ्या राजानं," ती शेजारच्या बाईला म्हणाली. ती बाई तिच्या ओळखीची नव्हती, तरी तिनं मान डोलावली. मधलीनं पदरानं डोळे पुसले आणि गार चहाचा पेला उचलला. म्हटलं, आता गार तर गार, दोन घोट घेऊ.

तेवढ्यात दुसरं दार उघडलं आणि गिरणीवाले बाहेर आले.

तेही जांभळे.

मग कुणीतरी एकजण हसला, आणि मग जे हसू फुटलं ते कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत गेलं. दोन जांभळ्या रांगा समोरासमोर उभ्या होत्या आणि छटेत तसूभर फरक नव्हता. ठरवून, नमुना शेजारी ठेवून जुळवायला गेलं असतं तरी इतका जुळला नसता. मधलीचा नवरा गोलपाशी पोचला होता. त्यानं आधी आपल्या छातीकडे पाहिलं, मग समोरच्यांकडे, मग थेट बायकोकडे, आणि दोन्ही हात पसरले. मधलीच्या हातातला पेला खाली पडला.

पंचांनी शिट्टी फुंकली. पंच एरवी शाळेत भूगोल शिकवायचे आणि वर्गात जसा खडू रोखायचे तसंच त्यांनी शेडकडे बोट रोखलं. "दोन्हीकडचे जबाबदार लोक आत या. लगेच!"

मधलीला कुणी बोलावलं नव्हतं. ती गेली.

शेडमध्ये दादा आणि धाकटा समोरासमोर उभे होते. धाकटा पूल ओलांडून गेल्यानंतर दोघं पहिल्यांदा एका छपराखाली आले ते असे. मध्ये पंच, हातात घड्याळ.

"कमिटीचा नियम मी तुम्हाला वाचून दाखवू का? अर्धा तास देतो. त्यात एका संघाचा रंग बदलला तर सामना. नाहीतर मी तसा अहवाल लिहितो आणि घरी जातो. मला घरी पेपर तपासायचेत."

दादा पंचांकडे बघून बोलला, धाकट्याकडे नाही. "ह्यांना विचारा, जांभळा मुद्दाम केला का. आमची फजिती करायला."

"ह्यांनाच विचारा," धाकटाही पंचांनाच म्हणाला. "आपण बदलणार म्हणून निरोप पाठवायचा आणि मग नेमका आमचाच रंग लावायचा! चोराच्या उलट्या बोंबा."

"निरोप? मी पाठवला निरोप? निरोप तर तू पाठवलास! दादाला जड जात असेल तर, म्हणे!"

"मी? मी कशाला असलं बोलू?"

"मग काय भिंत बोलली?"

पंच एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. दाराशी नवरा येऊन उभा होता, त्याच्यामागे खेळाडूंची डोकी. मधलीला वाटलं, आत्ता इथून निघून जावं. दोघं एकमेकांना खोटं ठरवतील, भांडतील, आपलं नाव राहील झाकलेलं. निदान दोघांकडे जायला दोन दारं तरी उघडी राहतील. बोललं तर दोन्ही बंद. पण समोर दादाची मान लाल झाली होती आणि धाकट्यानं टोपी डोक्यावर चढवली होती. टोपी चढवली की धाकटा जातो. मागच्या वेळी पण तसाच गेला होता.

"भिंत नाही," ती म्हणाली. "मी बोलले."

दोघं वळले.

"दोन्हीकडे मीच खोटं सांगितलं. दादा, तो काही म्हणाला नव्हता. धाकट्या, हाही काही म्हणाला नव्हता. मला वाटलं, एकजण तरी विरघळेल. काय करू? तुमच्या मध्ये ये-जा करून माझ्या चपला झिजल्या. आता काय बोलायचं ते बोला. नाहीतर दोघंही माझ्याशी बोलणं सोडा, म्हणजे हिशोब पुरा होईल."

तिचा आवाज शेवटी फाटलाच.

"म्हणजे," दादा सावकाश म्हणाला, "हा बदलणार नव्हता?"

"नाही."

"आणि दादाही नाही?" धाकट्यानं विचारलं.

"नाही म्हटलं ना!"

"मग तू का बदललास?" दादानं विचारलं. पहिल्यांदाच, धाकट्याकडे बघून.

धाकट्यानं टोपी काढली. "तू बदलतोयस म्हटल्यावर... मोठा भाऊ बदलणार आणि मी लाल घालून मिरवणार? रात्रभर झोप नाही आली. तू का बदललास?"

"तू बदलतोयस म्हटल्यावर," दादा म्हणाला. त्यानं उगाच खाकरून घसा साफ केला.

"किती बुड्या दिल्यास?" धाकट्यानं विचारलं.

"एक. तू?"

"एकच. लालावर निळा..."

"...एकच बुडी," दादानं पुरं केलं. बाबांचं ते वाक्य दोघांनी ऐकलं होतं ते एकाच भट्टीपाशी. एकानंही जास्तीची बुडी दिली असती तर रंग काळपट झाला असता आणि सामना केव्हाच सुरू झाला असता. पण बाबांनी एक म्हटलं म्हणजे एक. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा.

"फार हृद्य आहे हे सगळं," पंच म्हणाले. "घड्याळ चालू आहे."

तेवढ्यात बाहेरून काठीचा ठक ठक आवाज आला. आई. तिला कमी दिसायचं, पण कुठं काय चाललंय ते आधी कळायचं. थोरल्या वहिनीच्या हाताला धरून ती मैदान तुडवत आली होती. तिनं जवळच्या खेळाडूची जर्सी हातात घेतली, नाकाला लावली, सोडली. पलीकडच्या संघातल्या एकाची घेतली, तीही हुंगली.

"दोन्ही एकाच घरच्या," ती म्हणाली. "आता जांभळ्यावरून पुढं कुठं जाता येतं, ते मला विचारायला लागणार आहे का तुम्हाला? का तेही मधलीनं पोचवायचं?"

"काळा," दोघं एकदम म्हणाले.

बरोबरच होतं. रंग चढवता येतो, उतरवता येत नाही. जांभळ्याला एकच वाट, काळ्याची. झाडाच्या सालीचा काढा दादाच्या कारखान्यात सोमवारच्या कोटांच्या कापडासाठी मोठ्या हंड्यात मुरत ठेवलेला होता, गंजलेल्या खिळ्यांचं पाणी पिंपात तयार होतं, आणि कारखाना मैदानाला लागून. काढ्यात बुडवायचं, लोखंडाच्या पाण्यातून काढायचं. घाईत होण्यासारखा तेवढा एकच रंग होता.

"माझे काळे होतील," धाकटा म्हणाला. "मीच नंतर लीगमध्ये आलो, मीच बदलतो."

"तू कशाला? माझे होतील. माझं मैदान, माझा हंडा."

"मी म्हटलं ना, माझे!"

"आणि मी काय म्हणतोय?"

आता ऐका. इतकी वर्षं हे दोघं माझं माझं म्हणून भांडले, आणि आता पडतं घ्यायचं तर त्यातही माझं माझं! आवाज चढले. धाकटा हात नाचवायला लागला. दादानं दाराची चौकट धरली.

"कुणीही एक!" पंच ओरडले. "मला रंगाशी मतलब आहे, तुमच्या रुसव्याशी नाही!"

"अहो, ओल्या जर्सी आहेत त्या," दादा कळवळून म्हणाला. "लोखंडाच्या पाण्यातून काढलेल्या, अंगाला चिकटणाऱ्या. पाहुण्यांना मी तसल्या कशा घालू?"

धाकट्याचा नाचता हात थांबला.

"पाहुणा," तो म्हणाला. "दादा, मी पाहुणा कधीपासून झालो रे?"

तो हे मोठ्यानं बोलला नाही. पण त्यानंतर दादाला चौकट सोडावी लागली, कारण ती धरून उभं राहण्यात काही अर्थ राहिला नव्हता. मधलीला तोंड उघडावंसं वाटलं. दोघांमध्ये अशी शांतता पडली की काहीतरी टाकून ती भरून काढायची तिची सवय. तिनं ओठ दाताखाली धरले.

"पाहुणा नाहीस ना?" दादा शेवटी म्हणाला.

"नाही."

"मग बाह्या वर कर. माझ्या जर्सी काळ्या करायच्यात."

पुढचं सगळं धावपळीचं. गिरणीवाल्यांनी जर्सी काढून मधलीच्या हातात फेकल्या आणि उघड्या अंगानं शेडमध्ये उड्या मारत राहिले. नवऱ्यानं आपली जर्सी नीट घडी करून दिली. घडी! मधलीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आणखी एक वाक्य गिळून मागे सरकला.

कारखान्यात हंड्याखाली दादानं जाळ वाढवला. वहिनी, जी गेली सगळी वर्षं "ह्या घरात पाऊल ठेवू दे तर खरं" असं धाकट्याविषयी म्हणत आली होती, तिनं खुंटीवरचं जुनं एप्रन काढलं आणि धाकट्याच्या गळ्यात अडकवलं. एप्रन त्याचंच होतं. इतके दिवस ते त्याच खुंटीवर होतं.

दादा ढवळायला लागला.

"डावीकडून फिरव," धाकटा म्हणाला. "बाबा डावीकडून फिरवायचे."

"मी बाबांच्या शेजारी उभा असायचो. तू त्यांच्या कडेवर होतास."

"कडेवरून जास्त दिसतं."

दादा हसला नाही, पण त्यानं डावीकडून फिरवायला सुरुवात केली. वाफ त्याच्या तोंडावर येत होती. तो खोकायला लागला. बाबांचा खोकला आता त्याच्या छातीत आला होता, हे धाकट्याला ठाऊक नव्हतं. मधलीनं ते कधी पलीकडे नेलंच नव्हतं, दादानं बजावून ठेवलं होतं म्हणून. धाकट्यानं मधलीकडे पाहिलं. मधलीनं मान खाली घातली.

दादानं खोकत खोकत काठी पुढे केली.

धाकट्यानं लगेच घेतली नाही. "बिघडलं तर?"

"बिघडलं तर बिघडलं," दादा म्हणाला. डोळे पुसत होता. वाफेनं म्हणा नाहीतर कशानं. "काळ्यात आणखी काय बिघडायचंय? धर लवकर, तो भूगोलवाला वाट बघतोय."

धाकट्यानं काठी धरली.

काढ्यातून जर्सी निघाल्या त्या मळकट दिसत होत्या. पिंपातल्या पाण्यात गेल्या आणि बघता बघता काळ्या झाल्या. दोघं भाऊ कोपरापर्यंत हात घालून एकेक वर ओढत होते. एक टोक याच्या हातात, एक त्याच्या, आणि दोघं उलट्या दिशेनं पिळत होते. मधली झेलत होती आणि वहिनी झटकत होती. आई दाराशी स्टुलावर बसून हुंगत होती. "अजून एकदा पाण्यातून काढा," ती म्हणाली. दोघांनी काढलं.

पंच घड्याळ उंच धरून शेडच्या दारात उभे असतानाच गिरणीवाले मैदानावर धावत आले. काळे, थबथबलेले, पायांवरून काळे ओघळ चाललेले. लोकांनी असा काही आरडाओरडा केला की जणू गोलच झाला.

खेळाचं काय सांगावं! ओल्या जर्सीतून रंग सुटत होता आणि ज्याला धक्का लागेल त्याच्यावर शिक्का बसत होता. मध्यंतरापर्यंत गोदीवाल्यांच्या जांभळ्यावर काळे पंजे उमटले होते. मग गिरणीवाल्यांच्या बचावपटूनं गोलसमोर एकाला ढकललं आणि वर हात करून शपथा घ्यायला लागला, मी शिवलोसुद्धा नाही. पंचांनी पडलेल्या खेळाडूला उठवून उभं केलं. त्याच्या पाठीवर पाच बोटं ठसठशीत. "हे कुणाचं?" पंचांनी विचारलं. लोकांनी पोटं धरली, पण पेनल्टी ती पेनल्टीच.

आता मात्र मधलीला हसू येईना. गोलमध्ये तिचा नवरा उभा होता, अंगाला चिकटलेल्या काळ्या जर्सीत, कुडकुडत. हा गोल गेला की गिरणीवाले बहुधा गेलेच. तिनं बाजूला पाहिलं. कुंपणाशी दादा आणि धाकटा शेजारी शेजारी उभे होते आणि दोघांनी काळ्या हातांनी एकच दांडी धरली होती. दादानं काहीतरी विचारलं. धाकटा म्हणाला, "हा नेहमी उजवीकडे मारतो." मग जीभ चावली, कारण मारणारा त्याचा होता.

गोदीवाल्यानं मारला तो उजवीकडेच. नवरा अंग झोकून पडला आणि चेंडू छातीखाली दाबून तसाच राहिला. उठला तेव्हा चेंडूही काळा झाला होता. त्यानं चेंडू टाकायला हात उचलला, थांबला, समोरच्या माणसाकडे एकदा पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. सगळं मैदान ओरडलं, "काळा! काळा!" मग त्यानं टाकला. आपल्याच माणसाला.

गोल कुणाचाच झाला नाही. एकेक गुण वाटून मिळाला आणि गिरणीवाले तळापासून एक पायरी वर आले. हंगाम संपायला अजून दोन सामने होते, पण त्या संध्याकाळी गिरणीच्या रस्त्यानं जाणारी माणसं लीग जिंकल्यासारखी चालत होती.

घरी वहिनीनं कुणाला न विचारता एक ताट जास्त मांडलं. दोघा भावांनी साबणानं हात घासून घासून थकल्यावर नाद सोडला. आईनं दोघांचे हात हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले.

"दोन्ही सारखेच काळे," ती म्हणाली. "आता कुठला कुणाचा ते कळायला तुम्हाला बोलावं लागेल."

मधलीला दोघंही थापांवरून काही बोलले नव्हते. ती जेवणभर त्याची वाट बघत होती. शेवटी धाकटा उठताना तिच्या पाठीशी थांबला. "ताई, दादाच्या खोकल्याचं मला सांगायचं होतंस. थापा चालतील एक वेळ. हे लपवायचं नाही."

"ती लपवेल कशाला?" दादा पलीकडून म्हणाला. "मीच बजावलं होतं. तिला बोलू नकोस. आणि मधले, थापेचं म्हणशील तर..." तो अडखळला. "पुढच्या वेळी आधी रंग तरी विचार."

एवढंच. मधलीनं ताटं उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि तिथं कुणी नाही असं बघून मनसोक्त रडून घेतलं. मग तोंड धुतलं, चहा केला आणि पेला घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसली. नवरा तिथंच होता, शेकोटीवर काळी जर्सी धरून वाळवत.

आतून आवाज येत होते.

"दोन्ही गावांत मिळून आता एकही लाल जर्सी उरली नाही," दादा म्हणत होता. "सगळा लाल बुडवला आपण. पुढच्या हंगामात लाल तू घे."

"मी कशाला? तू थोरला. लाल तुझा."

"मी देतोय ना तुला?"

"आणि मी नको म्हणतोय ना?"

"सांगतोय ते ऐकायचं नाही म्हणजे नाहीच, लहानपणापासून तेच!"

"लहानपणापासून तूच ओरडतोस!"

भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. वहिनी काहीतरी म्हणाली, तिचं कुणी ऐकलं नाही. आईची हाक आली, सवयीची, "मधले! अगं जा, बघ जरा."

मधली अर्धवट उठली. एक पाय उंबऱ्याकडे वळलासुद्धा. मग ती पुन्हा खाली बसली.

"मी नाही जात, आई," ती आत वळून म्हणाली. "भांडू दे. समोरासमोर भांडताहेत."

आईनं पुन्हा हाक मारली नाही. नवऱ्यानं शेकोटीपाशी थोडी जागा करून दिली. मधलीनं त्याच्याजवळ सरकून पाय लांब केले आणि आतला आरडाओरडा ऐकत सगळा चहा संपवला, गरम होता तोवर.